टाचणीची दोन भोकं

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं कॉलेज, आणि तिथे मी फिजिक्स शिकवते. आमची प्रयोगशाळा रिकामी करून तिथे कॉम्प्युटर मांडायचं प्राचार्यांनी मनावर घेतलं होतं. "मॅडम, पुराना सामान है सब. कौन देखता इसको?" असं ते गोड आवाजात म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दसऱ्याची सुट्टी संपली की या, आकाशातून काय पडतंय ते दाखवते, मग खोलीचं बोला.

दाखवायचं यंत्र मी मलकपेठला घरीच जोडलं होतं. दूर अंतराळातून येणारे कण हवेच्या वरच्या थरावर आदळतात, त्यांच्यातून नवे कण निघतात, आणि त्यातले म्युऑन थेट आपल्यापर्यंत पोचतात. ते दिसत नाहीत. पण विशिष्ट प्लास्टिकच्या पाटीतून म्युऑन गेला की आत बारीक चमक उठते. अशा दोन पाट्या एकावर एक ठेवायच्या. दोन्हींत एकाच क्षणी चमकलं, तरच आकडा पुढे सरकतो. बाहेरचा उजेड आत शिरता कामा नये, म्हणून पाट्या काळ्या टेपने गच्च गुंडाळलेल्या.

खंडेनवमीला आईने घरातली हत्यारं पूजेला मांडली. विळी, कात्री, तिचं शिलाई मशीन, आणि शेजारी माझं यंत्र. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत वापरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे मीही ते चालू करून पाहिलं नाही. नंतर तसंच रिक्षात घालून कॉलेजात नेलं.

प्राचार्य आले. मी बटण दाबलं आणि आकडे सुसाट सुटले. प्राचार्यांचा चेहरा उजळला. "इत्ते गिरते? कमाल है मॅडम." ते मनापासून खूश झाले होते. मी गप्प राहिले असते तर खोली त्याच मिनिटाला माझी होती. पण इतके म्युऑन पडतच नाहीत, हे मला ठाऊक होतं. मोडीत निघालेली खोली खोट्या आकड्यावर राखायची, तर मग तिथे शिकवायचं काय?

"सर, हे चुकतंय," मी म्हटलं आणि यंत्र निरखायला लागले. वरच्या पाटीवर कुंकवाचं बोट होतं, आणि त्याच्या बाजूला टेपमध्ये टाचणीचं भोक. खालच्या पाटीलाही तसंच. आईने झेंडूची माळ टाचण्यांनी लावली होती. त्या दोन भोकांतून दिवसाचा उजेड आत घुसत होता आणि यंत्र त्यालाच चमक समजून मोजत होतं.

डार्करूमचा काळा पडदा ओढून आणला आणि दुहेरी करून यंत्रावर टाकला. आकडे एकदम मंदावले. आकडा सरकताना यंत्राची एक टक. मग थांबून दुसरी.

"बस, इत्तेच?" प्राचार्यांचा चेहरा पडला.

"इतकेच. पण खरे. उजेड या पडद्याला अडला, हे कण अडत नाहीत. वर दोन मजल्यांचे स्लॅब आहेत, त्यातून आलेत."

त्यांनी छताकडे पाहिलं. "स्लॅब में से?"

"स्लॅबमधून, तुमच्यातून, माझ्यातून."

ते खुर्ची ओढून बसले. चहा तिथेच मागवला, आणि दर टकीला स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. उठताना म्हणाले, "कमरा रहने दो. बच्चों को दिखाओ."

घरी आले ती तावातच. आईला सगळं सांगितलं, टाचण्यांचं तर दोनदा. तिने शांतपणे विचारलं, "ते कण माझ्यातूनही जातात?"

"जातात की."

"आत्ता?"

"आत्ता, झोपेत, तू जन्मल्यापासून सतत."

"मग बघ," ती भाजी निवडत म्हणाली, "मी कधी बोलले काही? आणि तुझं यंत्र, दोन टाचण्या लागल्या तर केवढा कांगावा."