मोताळ्याजवळचं निळं घर

मे महिन्यातल्या दुपारी नांदुऱ्याला उतरलो, तेव्हा फलाटावरची माणसं सावलीच्या पट्ट्यात दाटीनं उभी होती. मी पुण्यात घरांचे नकाशे काढतो. मोताळ्याच्या अलीकडे एका गावात लताबाई नावाच्या निवृत्त नर्सनं मातीच्या विटांचं घर बांधल्याचं कळलं होतं. तेच पाहायला निघालो होतो.

एसटीनं फाट्यावर सोडलं. पुढची वाट पायी, दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं. गावात मी मातीच्या रंगाचं घर शोधत होतो, त्यामुळे एका निळ्या घरावरून दोनदा पुढे गेलो. शेवटी लताबाईंनीच हाक मारली.

वीज सकाळपासून नव्हती, तरी आत घाम वाळला. पलंगावर त्यांचे यजमान भीमराव शांत झोपले होते. अर्धांगानं त्यांची डावी बाजू गेलेली. जुन्या टिनाच्या खोलीत उन्हाळा सोसेना, म्हणून दर वर्षी त्यांना खामगावला भाच्याकडे न्यावं लागे.

जेवायला भाकरी, वरण आणि तक्कू (कैरी-कांद्याचा कीस) होता. वाढता वाढता लताबाईंनी सगळं सांगितलं. विहीर खणताना निघालेल्या मुरमात थोडं सिमेंट घालून हातयंत्रावर विटा दाबल्या, सावलीत ठेवून पाणी मारलं. भट्टी नाही, लाकूड जाळलं नाही, विटांचा ट्रक आणला नाही. स्लॅबमध्ये जुने कवेलू (कौलं) घातले, त्यामुळे सिमेंट-लोखंड कमी लागलं. वाचलेल्या पैशात चाकाची खुर्ची आत जाईल एवढा संडास झाला. कूलर आता क्वचितच लागतो, बिल निम्म्यावर आलंय. पहिल्या पावसात मात्र पश्चिमेची भिंत भिजली. छज्जा आखूड पडला होता, तो वाढवावा लागला.

खरी अडचण भीमरावांचीच होती. काम चाललं तेवढे महिने ते बायकोशी बोलले नाहीत.

"अबोला धरायच्या आधी ते म्हणत, माहा बाप मातीच्या घरात मेला. सारं गाव सिमेंटचं बांधून राह्यलं, अन् तू मले मातीत काऊन नेतं?" लताबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाहेरून चुन्याचा गिलावा करून निळा रंग दिला, तेव्हा ते राहायला आले.

चहाच्या वेळी भीमराव उठले. नवऱ्याला टेकून बसवताना लताबाईंनी माझी ओळख करून दिली. या घराबद्दल मी लिहिणार आहे, हेही सांगितलं.

"लोकायले सांगजा, घर थंड हाय," ते सावकाश म्हणाले. "मातीचं हाय, हे नोका सांगू."

पुण्यात उघडी मातीची भिंत मिरवण्यासाठी लोक जादा पैसे मोजतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. बोललो नाही. परतीच्या गाडीत ते बरं झालं असं वाटलं. माती हौसेनं निवडणं आणि तिच्यातून एकदाचं बाहेर पडून पुन्हा तिच्यात राहायला येणं, यांतलं अंतर मला कोणत्याच नकाशात दाखवता येणार नव्हतं. घर मातीचं आहे हे मी सांगितलंच, म्हणून निदान त्यांचं गाव कोणतं, ते इथे लिहिलेलं नाही.