मोनिकाताईची चौदा मिनिटं

काचेपलीकडं मोनिकाताई बटण दाबत होती. पडद्यावर इंग्रजी अक्षर आलं की दाबायचं, एक्स आला की हात आवरायचा. चौदा मिनिटं. उजवा हात बटणावर, डाव्या हाताची मूठ मांडीवर. माझी सख्खी बहीण, पण एवढं गप बसलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मला बसवंना. उठलो, पाणी प्यालो, परत बसलो.

"सत्यम, टेस्ट तिची हाय का तुझी?" अभयदाजी म्हणले.

ताई गुलमंडीच्या बाजारात मॅचिंग सेंटरात कामाला. साडी एकदा बघितली की शंभर गठ्ठ्यांतनं नेमका ब्लाउजपीस काढती, अन् तीच साडी कुठं ठेवली ते विसरती. महिन्यापूर्वी दूध तापत ठेवून दळण आणाया गेली. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस घरभर. आत चार वर्षांची श्रेया झोपलेली. शेजारणीला वास आला म्हणून वाचली. तवापासून दाजींचं एकच, "श्रेया छावणी भागात माझ्या आईकडं, तू सिल्लोडला माहेरी."

दुकानाच्या मालकीणबाई म्हणल्या, आधी डॉक्टरला दाखवा. लक्ष न टिकायचा आजार असतो, एडीएचडी.

मी नववीत शाळा सोडलेला. परीक्षा म्हणजे पास व्हायचं, एवढंच ठावं. आठवडाभर मोबाइलवर तसलाच गेम लावून ताईची तयारी घेतली. "चुकलीस तर श्रेया हातची गेली," असं तोंडावर म्हणलो.

डॉक्टरीणबाईंनी कागद काढला. "निकाल नॉर्मल आहे."

मी टाळीच वाजवली. दाजी उठून उभे राहिले.

"म्हणजे डोकं ठीक हाय हिचं. मग पोरीला मुद्दाम गॅसात टाकली व्हय?"

मीबी उठलो.

"दाजी, तोंड सांभाळा!"

"दोघंही बसा," बाई म्हणल्या. "एकट्या या टेस्टवर मी काही ठरवत नाही. आजार असलेलेही यात पास होतात, नसलेले नापास होतात. इथं शांत खोली, एकच काम. घर असं असतं का? यांच्या आईला आणा. लहानपणापासूनचं ऐकायचंय मला."

"आणा. तवर श्रेया छावणीत," दाजी म्हणले. नेलीच त्या दिवशी. ताई नऊ दिवस नीट जेवली नाय.

मग आमची आई, द्वारकाबाई, ताईची जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन आली. "पाण्याला गेली की हंडा हापशावर सोडून यायची, बाई. लई मारली, फरक नाय." मग बाईंनी दाजींना विचारलं. ते रागारागानं अर्धा तास ताईच्या चुका सांगत बसले. बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. शेवटी म्हणल्या, "तुम्ही सांगितलं ना, तोच आजार. मुद्दाम नाही."

 संध्याकाळी दाजी श्रेयाला स्वतः घेऊन आले. दारातनंच म्हणले, "आपोआप बंद व्हायची शेगडी सांगितलीय. उद्या येईल."

दिवाळीला ताईच्या घरी गेलो तवा तिनं सांगितलं. त्या चौदा मिनिटांत तिच्या डाव्या मुठीत बांगडीची सेफ्टी पिन होती. लक्ष सुटायला लागलं की ती तळव्यात टोचून घ्यायची.