गुलाबराव गुरुजींचा ळ

मंगरूळपीरहून जांभळीला येणारा रस्ता तुरीच्या शेतांमधून इतका सावकाश येतो, की त्यालाही शाळेत जायचा कंटाळा असावा असं वाटतं. त्या रस्त्यानं रोज सकाळी गुलाबराव गुरुजींची मोटारसायकल येते. मागे पोत्यात घरच्या मळ्यातली वांगी नाहीतर मेथी असते, पोरांच्या खिचडीत टाकायला. एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे तशी फारशी संधी मिळणार नाही.

गुरुजींच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली. त्यातली अकरा जांभळीच्या जिल्हा परिषद शाळेत गेली. दोन खोल्या, एक कडूनिंब, एकोणीस पोरं. निम्मी पोरं खालच्या गावातल्या माळ्यांची, निम्मी वरच्या बंजारा तांड्यावरची. गुरुजी स्वतः माळी. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि मनात एकच इच्छा: आदर्श शिक्षक व्हायचं. त्यासाठी त्यांनी सात वेळा अर्ज केला आणि सातही वेळा तो सन्मान दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडला. तिसऱ्या अर्जाच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी आदर्श ठेवलं. बायको हौसाबाई तेव्हापासून चारचौघांत म्हणते, "एक आदर्श घरात आहे ना, तो सांभाळा. दुसरा कायले पाह्यजे?"

गुरुजींचा सगळा जीव शुद्ध मराठीवर. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात. वर्गात तोंडून एखादा शब्द निसटला की गुरुजींची छडी टेबलावर वाजायची.

"हे तांडा नाही! शाया आहे शाया! शायेत शुद्ध मराठीच बोलाचं!"

मागच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत 'शाळा' असं रंगवलेलं होतं. भिंत बिचारी ऐकून घ्यायची. आमच्या भागात ळ कुणाच्या जिभेवर बसतच नाही. डोळ्याचा डोया होतो, केळ्याचं केयं होतं, आणि जांभळीला अख्खी पंचक्रोशी जांभयी म्हणते. पिढ्यान् पिढ्या म्हणते, आणि कुणाचं कधी काही अडलं नाही.

अडलं ते मोबाईलनं.

वरून पत्र आलं. दर शुक्रवारी पोरांनी घरातला मोबाईल शाळेत आणायचा. त्यात वाचनाचं ॲप टाकायचं. पडद्यावर धडा येतो, पोरानं तो मोठ्यानं वाचायचा, फोन ऐकतो आणि शेवटी दिवा लावतो. नीट वाचलं तर हिरवा, चुकलं तर लाल. ते दिवे तिकडे वाशिमला मोजले जाणार होते. ज्या वर्गातली शंभरातली ऐंशी पोरं हिरवी, त्या वर्गाच्या मास्तरला यंदा 'डिजिटल गुरुजी' म्हणून शाल आणि मानपत्र. गुरुजींच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आता चुकलं तर शाल थेट निरोप समारंभातच. पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि हौसाबाईला चौथ्यांदा वाचून दाखवलं.

पहिल्या शुक्रवारी सोळा फोन आले. कुणाचा पडदा तडकलेला, कुणाच्या फोनला रबर लावून बॅटरी बसवलेली. बादल नावाच्या पोरानं बापाच्या फोनच्या कुलपाची नक्षी पाटीवर काढून आणली होती आणि ती पाटी तो कुणालाच दाखवत नव्हता. धडा सुरू होतो न होतो तोच एका फोनवर भजन वाजायला लागलं. उचलला, तर पलीकडून मालेगावचा व्यापारी, "कोबी तोडली का नाही?" गुरुजी म्हणाले, "ही शाया आहे!" पलीकडचा म्हणाला, "मंग कोबी कवा तोडता?"

धडा तीन ओळींचा. 'तळ्याकाठी एक काळा कावळा बसला होता. बाळूने त्याला केळं दिलं. कावळ्याने डोळे मिटले.' धडा लिहिणारानं वाशिमची एसटी कधी पाहिली नसावी. पाहिली असती तर त्यानं कावळ्याऐवजी चिमणी बसवली असती.

बादलनं छातीभर दम घेऊन वाचलं, "तयाकाठी एक काया कावया बसला होता." लाल. मग एका पोरीनं वाचलं. लाल. दुपारपर्यंत वर्गात असे लाल दिवे लागले, की सोळा ठिकाणी गाडी अडवून ठेवली आहे असं वाटावं. हिरवा दिवा फक्त एक लागला. तो रेणूचा.

रेणू तांड्यावरची, तिसरीतली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजी रुखमाबाईजवळ राहते. रुखमाबाई म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी. रेणू वर्गात कमी बोलते, कारण तोंड उघडलं की छडी वाजते हे तिला पहिलीतच कळलं होतं.

"रेंज नाही," गुरुजींनी निकाल दिला. पुढच्या शुक्रवारी वर्ग टाकीच्या ओट्यावर भरला. तिथं तीन काड्या रेंज होती आणि अठरा लाल. रेणू हिरवी. गुरुजींनी तिच्या हातातला फोन काढून बादलचा दिला. तरी हिरवी. मग त्यांनी चष्मा पुसला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "पाहा बे पोट्टेहो, वाचन कसं असते." भाषणाला उभं राहिल्यासारखं त्यांनी वाचलं. फोन थोडा थांबला. त्यालाही अवघड वाटलं असणार. मग त्यानं लाल दिवा लावला.

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

रेणू हळूच म्हणाली, "गुरुजी, तिथं काळा आहे. तुमी काया म्हनता."

"मंग? कायाच म्हनलो ना मी!"

"काया नाही गुरुजी. काळा."

"तेच तं म्हनून राह्यलो! काया!"

"काळा."

"काया! किती डाव सांगू तुले?"

अशी पाच मिनिटं गेली. शेवटी फोननं ऐकलेलं लिहून दाखवलं. 'तयाकाठी एक काया.' खाली शाळेचं नाव भरायच्या रकान्यात गुरुजी पुन्हा बोलले, "जांभयी." फोननं लिहिलं, 'जांभई.' सव्वीस वर्षांत गुरुजींची चूक कुणी त्यांच्यासमोर लिहून ठेवली नव्हती.

आता इथली गंमत अशी, की गोरमाटीत ळ अगदी ठणठणीत आहे. काळ्याला ते काळो म्हणतात, गुळाला गोळ. जी बोली गुरुजींनी अकरा वर्षं छडीनं वर्गाबाहेर हाकलली, तिच्याच पदराला तो ळ बांधलेला होता. अख्ख्या जांभळीत पुस्तकातलं मराठी फक्त तांड्यावर शिल्लक होतं. पण मग तांड्यावरच्या बाकीच्या पोरांचं काय? ती गुरुजींच्या हाताखाली शुद्ध बोलायला शिकली होती. रेणू गप्प राहिली म्हणून तिचा ळ वाचला.

दुसरा कुणी असता तर वरमला असता. गुरुजींना युक्ती सुचली.

पुढच्या शुक्रवारी पोरांना कडूनिंबाखाली खेळायला सोडलं आणि रेणूला स्वयंपाकाच्या खोलीच्या ओट्यावर बसवलं. समोर सोळा फोन. गुरुजी एकेक नाव उघडायचे, रेणू वाचायची. बादल, हिरवा. आदर्श, हिरवा. हा आदर्श म्हणजे सरपंचाचा नातू; हे नाव गावात दोन घरांनी ठेवलेलं आहे. एकोणीस वेळा तो काळा कावळा तळ्याकाठी बसला आणि एकोणीस वेळा त्याला केळं मिळालं.

रुखमाबाईनं चुलीवरून मान वळवली. "गुरुजी, पोरीचा घसा बसला. एकच गोठ कितीक डाव सांगून राह्यली ते?"

"सराव आहे, रुखमाबाई."

"मंग बाकीचे पोट्टे काहून खेळून राह्यले? त्याइले सराव नाही?"

"ते... शारीरिक शिक्षण."

महिनाभरात जांभळीची शाळा जिल्ह्यात वर आली. शंभरातली शंभर पोरं हिरवी. एवढं हिरवं इथं श्रावणातही होत नाही. म्हणूनच शीला मॅडम पाहायला आल्या. त्या तालुक्याच्या नव्या साहेब, साताऱ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. गुरुजींनी दारात रांगोळी काढून घेतली, पोरांना आंघोळ करून यायला लावलं आणि फोन एका ओळीत चटईवर मांडले, देव मांडतात तसे.

मॅडमनी पहिला फोन उचलला. "बादल कोण?"

बादल उभा राहिला. मॅडमनी 'ऐका' असं लिहिलेलं बटण दाबलं. ते बटण तिथं आहे हे गुरुजींना माहीत नव्हतं. फोनमधून रेणूचा आवाज आला, आणि मागून रुखमाबाईचा, "रेणू वो, मीठ कुठी ठेवलं?"

मॅडमनी दुसरा फोन उचलला. रेणू. मागे बकरी. तिसरा. रेणू, आणि खोकला. चौथ्यात धडा संपल्यावर रेणू म्हणत होती, "गुरुजी, आता पानी पिऊ का?" आणि गुरुजींचा आवाज, "अजून बारा राह्यले. मंग पी."

"बादल, हा तुझा आवाज आहे?"

"नाही मॅडम," बादल म्हणाला. "गुरुजी म्हनले, साहेब आले का फोनपाशी नुसतं तोंड हालव."

मॅडमनी फोन गुरुजींपुढे धरला. "सर, तुम्हीच वाचा." गुरुजींनी वाचलं. दिवा कुठला लागला ते सांगायला नको. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस देते. प्रत्येक मूल आपल्या आवाजात वाचेल. नाहीतर या महिन्याचे दिवे मी रद्द करते आणि का केले तेही वर कळवते." आणि जाता जाता रेणूकडे बोट करून, "शिकवायला माणूस तुमच्याकडे आहे."

ते आठ दिवस जांभळी अजून विसरली नाही. रेणू फळ्यापुढे आणि पोरं चटईवर. चटईच्या शेवटी मांडी घालून, इस्त्रीच्या सदऱ्यात, गुलाबराव गुरुजी. रेणू सांगायची, "जीभ मागं न्या. वर टाळूले लावा. आता सोडा." एकोणीस तोंडं वासायची. दारातून वाकून रुखमाबाई विचारायची, "गुरुजी, दाढ दुखते काय?"

रेणूला मास्तरकी येत होती ती पाहून पाहूनच. चौथ्या दिवशी तिनं टेबलावर छडी वाजवली. "शुद्ध बोलाचं, गुरुजी! ही शाळा आहे!" गुरुजींनी मान खाली घातली आणि पुन्हा म्हणाले, "शाया."

तांड्यावरच्या पोरांचा ळ दोन दिवसांत परत आला. माळ्यांच्या पोरांना जड गेलं, पण पोरांची जीभ ओल्या मातीसारखी, वळवली की वळते. आठव्या दिवशी सोळा पोरांचे दिवे हिरवे लागले, ज्याच्या त्याच्या आवाजात. तीन लाल राहिले. एकोणिसांत सोळा म्हणजे ऐंशीच्या वर. शीला मॅडमनी स्वतः ऐकलं आणि सही केली.

अहवाल गुरुजींनी रात्रंदिवस एक करून लिहिला. 'बोलीकडून प्रमाणभाषेकडे: एक अभिनव प्रयोग.' पाच पानं, अकरा फोटो. मार्गदर्शकाच्या नावाचा रकाना आला तेव्हा पेन थोडा वेळ थांबलं, असं हौसाबाई सांगते. मग त्यांनी वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

आणि शाल मिळाली! वाशिमला सभागृहात, ताशा लावून. गुरुजी माईकपुढे उभे राहिले. "माझ्या शायेतल्या बायगोपायांसाठी," ते म्हणाले, "मी अत्यंत तयमयीनं काम केलं." पुढच्या रांगेत शीला मॅडमनी मान खाली घालून पर्स उघडली आणि बराच वेळ आत काहीतरी शोधलं. बाकी सभागृह गहिवरलं. सगळे आपल्याच भागातले. तयमय सगळ्यांना नीट कळली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाल पांघरूनच शाळेत आले. उन्हाचा ताव होता, तरी पांघरून. मानपत्र पोरांना दाखवलं. रुखमाबाई पदराला हात पुसत आली. तिला वाचता येत नाही. तिनं कागदावरून बोट फिरवलं.

"याच्यात रेणूचं नाव कुठी आहे, गुरुजी?"

"त्याचं असं आहे रुखमाबाई," गुरुजींनी शाल सारखी केली. "भाषनात घेनार होतो तिचं नाव. पन तिथं वेय कमी होता."

"वेळ!" चटईवरून पोरं एका सुरात ओरडली.

गुरुजींनी छडीकडे पाहिलं. ती रेणूच्या हातात होती. त्यांनी ती मागितली नाही. शाल काढली, घडी घातली आणि म्हणाले, "जेवाले बसा." जेवायच्या शब्दांत ळ नव्हता, म्हणून पोरांनी तेवढं ऐकलं.