नेरिडाची सासू विमानात बसली

ऑस्ट्रेलियातल्या लाँगरीच गावात मुलीकडे राहायला आल्यापासून नेरिडा कॉफलनच्या बोलण्यात सारखी गुरांच्या कुरणावरची ती वर्षं येतात. तेव्हा नवरा कळपांमागे असायचा आणि शेजारपाजारचं टपाल, पाव, दुखऱ्या दाढेची माणसं, सगळं नेरिडाच्या चार जागांच्या विमानातून जायचं.

तिची सासू एव्हिस मात्र त्यात पाय ठेवत नसे. शेवटी एव्हिसच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं, रस्त्यानं वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, तेव्हा ती कुरकुरत बसली.

अर्ध्या वाटेत इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"काय झालं गं?"

"बंद पडलं, आई."

"मग चालू कर की!"

नेरिडानं किल्ली फिरवली, इंधनाची खुंटी हलवून पाहिली. काही नाही. तिनं विमानाचं नाक खाली घेतलं, वेग सांभाळला आणि झुडपांपलीकडचं पांढरंफटक कोरडं तळं हेरलं.

"चष्मा काढा, पट्टा आवळा, दार किलकिलं करा, उतरताना अडकायला नको."

"मी आधीच सांगितलं होतं..."

"नंतर बोला!"

चाकं टेकली, हाडं खिळखिळी करत विमान धावलं आणि धुळीत थांबलं. एव्हिसनं खाली उतरून टोपी सारखी केली. "उतरवलंस मात्र झकास," ती म्हणाली. तिच्या तोंडून सुनेचं पहिलंच कौतुक.

पंखाच्या सावलीत बसून दोघींनी बाळंतिणीसाठी घेतलेला केक खाल्ला. एव्हिस नवी नवरी होऊन इथे आली, तेव्हा वर्षभर पाण्याच्या टाकीमागे लपून रडायची, हे नेरिडाला तिथे कळलं.

मग नेरिडानं विमान तपासलं. इंधनाच्या टाकीत हवा जायच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. हवा आत जाईना, म्हणून इंधन अडलं. एव्हिसनं टोपीची पिन काढून दिली. नळी मोकळी झाली, इंजिन गुरगुरलं.

"बसताय ना?"

"नाही तर काय चालत जाऊ?"

पोचल्या तोवर नात जन्मली होती.

त्यानंतर एव्हिस मरेपर्यंत नेरिडाच्या शेजारी बसून हिंडली. "डावीकडे कलतंय, बघ!" म्हणून दर वेळी टोकायची. पुढे नेरिडाची नजर अधू झाली आणि विमान विकलं गेलं. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण शेजारची ती रिकामी जागा तिला त्याच्या कितीतरी आधीपासून सलत होती.