इंदूनं वाचलेली पत्रं

ह्ये मी आजवर कुनालाच सांगितलेलं न्हाई. मालकांना न्हाई, सख्ख्या भनीला न्हाई. तुला सांगती, पन मधी बोलू नगंस. बोललीस तर माजी जीभ परत आत जाईल.

आळीतल्या बायका अजून माज्याकडं येत्यात. "मावशी, पोरगी खोटं बोलती, काय करू? तुमी तुमच्या इंदूला कसं वठनीवर आनलंत?" माजं डोस्कंच फिरतं. वठनीवर! काय डोंबल आनलं वठनीवर? आन् मी त्यांना काय सांगती, ठावं हाय? दम द्या म्हनती. अजूनबी तेच सांगती.

इंदू चौदाची, तवाची गोष्ट. मालक लामावर, पलटनीसंगं लढाय गेलेलं — लढाई लय लांब पेटलेली, कुठल्या मुलखात हायेत त्येबी पत्रात नसायचं. मला अक्षर येत न्हाई. इंदू सातवीत, फायनल दिली की मास्तरीन व्हनार म्हनायची. म्हनून आलेलं पत्र तिनं वाचायचं आन् जबाबबी तिनंच लिहायचा.

मी चुलीम्होरं, ती उंबऱ्यात. "इंदूच्या आईनं जिवाला जपावं. तिच्या हातच्या भाकरीची लय याद येती." असं वाचायची. मालक असं बोलनारं मानूस न्हवंच. सोळा वर्सांच्या संसारात मला कवा नावानं हाक मारली न्हाई. पन वाटलं, लांब गेल्यावर मानूस बदलत असंल — का बदलू नये? मी म्हनायची, ती वळ परत वाच गं. ती वाचायची. दुसऱ्या बारीला शबूद जरा निराळं यायचं. मला कळायचं. हां, ह्येबी सांगून टाकती — कळायचं, तरी मी गप बसायची.

मग मालकांच्या पलटनीतलं एक हवालदार रजेवर आलं, सांगलीकडचं. मालकांची पत्रं तेच लिहून द्यायचं. ओट्यावर च्या पिता पिता म्हनलं, "आवं वैनी, माज्या पोराचं आन् इंदूचं जुळवा म्हनून तीन पत्रं धाडली की आमी. तुमचा जबाब काय, तर पोर लहान हाय, थांबा!"

मी कवा कळवलं? कसंबसं हसून येळ मारून न्हेली.

पाव्हनं गेलं तशी इंदूला देवापुढं बसवली. आमच्यात बेल-भंडार उचलला की खोटं बोलत न्हाईत. पालीच्या खंडोबाचा भंडार, त्येची भीती दुधासंगं प्यालेली. तिच्या तळहातावर ठेवला तर पोर थरथराय लागली. म्हनून मीबी चिमूटभर उचलला आन् म्हनलं, "खरं सांग. मी तुला काय करनार न्हाई. शाळाबी सोडवनार न्हाई." म्हंजी शपथ माजीबी झाली, ध्यानात ठेव.

पोरीनं सांगितलं. लगनाचं तेवढं वाचलं न्हाई, म्हनली, शाळा सुटली असती. एवढ्यावर थांबली असती तर — खरंच गं, मला राग आला न्हवता. मनात म्हनलं, हुशार हाय कार्टी.

पन ती थांबली न्हाई. मी न इचारता म्हनली, "आई, आजून एक हाय. जिवाला जप, भाकरीची याद येती, ते आबांनी कवाच लिहिलं न्हाई. पत्र ऐकून तुजं तोंड उतरायचं, म्हनून मी आपली घालत व्हते." आन् ढसाढसा रडली. हलकी झाली, बिचारी. तिला वाटलं, आईनं अभय दिलंय.

काय सांगू तुला, माज्या अंगाची आग झाली! नवऱ्याच्या मनात मला जागा न्हाई, ह्ये माज्या पोटच्या पोरीला ठावं — आन् तिनं माजी कीव केली? ती घरात नुसती वावरली तरी मला शरम वाटाय लागली. महिन्याच्या आत तिला माधवनगरला दिली, त्याच हवालदारांच्या घरी. पोरगा गिरनीत कामाला. परीक्षा पंधरा दिसांवर आलेली. हळद लागायच्या आदी येवढंच म्हनली, "आई, तुजीबी शपथ व्हती." मी म्हनलं, खोटारडीनं मला शिकवू नगं.

गावात सांगितलं, खोटं बोलाय लागली म्हनून उजवून टाकली. समद्यांनी माना डोलावल्या. कशाचं खोटं? तिचं खोटं तर मला गोड लागत व्हतं, परत परत वाचून घेत व्हते! मी तिला सजा दिली ती खरं बोलल्याची. मालकांनी पत्रातनं शाबासकी धाडली; ती वाचून दाखवाय घरात कुनी न्हवतं, मास्तरांकडं न्यावी लागली.

आता इंदू दिवाळीला येती. कशी हायेस म्हनलं की बरी हाय म्हनती. मागल्या साली तिचं तान्हं गेलं, ते मला चार महिन्यांनी एका परक्या बाईकडनं कळलं. आली तवा इचारलं, का गं मला सांगितलं न्हाईस? म्हनली, "सांगून काय व्हतंय, आई?" रागानं न्हाई हां — साधंच म्हनली, आन् घागर घिऊन पान्याला गेली. तिच्या जागी मी असते, तर मीबी सांगितलं नसतं.