पाचवा पाईप

नळदुर्गात कुणाच्या बोअरची मोटर जळाली किंवा पाण्याऐवजी गाळ ओकायला लागली, की माणसं आधी कल्याणप्पांना फोन लावत आणि मग देवाचं नाव घेत. तीस वर्षं या माणसानं दुसरं काही केलं नाही. तीन पायांचा लोखंडी स्टँड उभा करायचा, चेन-पुली टांगायची आणि वीस-वीस फुटांचे पाईप एकेक करून वर घ्यायचे, नाहीतर खाली सोडायचे. तोंडानं तसे फटकळ. पण काम चोख, त्यामुळे फटकळपणा लोकांनी चालवून घेतला होता.

त्यांचा एकच हट्ट होता, आणि त्यापायी त्यांनी गावात बरीच तोंडं वाकडी करून घेतली होती. घर विकून निघालेल्या माणसाची मोटर ते काढत नसत. निघणारी माणसं काय काय नेतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंखे, नळाच्या तोट्या, पडद्याचे गज. एका गृहस्थानं तर न्हाणीतली शहाबादी फरशी उचकटून टेम्पोत घातली होती. कल्याणप्पा यावर पोट धरून हसायचे. मोटरीचं नाव निघालं की मात्र हसू जायचं. "फरशी नेली तर माणूस मातीवर न्हाईल," ते म्हणायचे, "पर न्हायला पाणी तर पायजे. खरेदीखतात घरासंगं जल लिवून दिलंय ना? मग हात लावायचा न्हाय."

आता त्यांनी स्वतःचंच घर विकलं होतं. गुडघे गेले होते, चेन ओढवत नव्हती. सोलापूरला शंभुलिंगानं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, घर बांधलं होतं आणि आजपासून आई-वडिलांनी तिथं राहायचं ठरलं होतं. काय न्यायचं, काय टाकायचं ते शंभुलिंगच ठरवत होता. लोखंडी पलंग नको, तिकडं जागा नाही. पाण्याचा हंडा नको, तिकडं टाकी आहे. कल्याणप्पा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. आजपासून ज्याच्या दारात राहायचं त्याच्याशी हंड्यावरून भांडणारा माणूस शहाणा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

घर घेतलं होतं महेश्वरीनं. ती आरोग्यसेविका, सासूला घेऊन इतकी वर्षं अणदुरात भाड्यानं राहत होती. गल्लीतल्या नळाचा काही भरवसा नाही हे तिला माहीत होतं, म्हणून घर बघायला आली तेव्हा खोल्या नंतर आणि बोअर आधी बघितला होता. अकरा वाजता ती गृहप्रवेशाचं दूध उतू घालायला येणार होती.

नऊ वाजता कल्याणप्पा मठात स्वामींच्या पाया पडून परत आले, तर अंगणात कुणाचा तरी स्टँड उभा. बोअरचं झाकण उघडं. चार पाईप भिंतीला लावून ठेवलेले, पाचवा अर्धा वर. चेन ओढत होता टेम्पोचा ड्रायव्हर मल्लेश, आणि क्लॅम्पपाशी उकिडवा बसला होता शंभुलिंग. प्रेमाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून दारात उभ्या होत्या.

"नको, शंभू, नको म्हनाले म्या," त्या नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या. "ऐकत न्हाय."

"आप्पा, मागच्या वर्षी नवी टाकलेली मोटर हाय," शंभुलिंगानं मान वर केली नाही. "सोलापूरच्या बोअरला हीच बसवायची. खरेदीखत वाचलंय म्या. त्यात जल लिवलंय. मोटर कुठं लिवलीय?"

कल्याणप्पांना राग आला, पण तो ओठांपर्यंत यायच्या आत त्यांचं लक्ष क्लॅम्पकडं गेलं आणि राग जागच्या जागी राहिला. पाईपाला दोन बाजूंनी कवटाळणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यांवर आता खालचा सगळा भार येणार होता. दोनशे फूट पाईप, केबल आणि मोटर. पट्ट्यांचे बोल्ट थोडे इकडचे, थोडे तिकडचे असे आवळायचे असतात. शंभुलिंगानं डावा आधी गच्च पिळला होता आणि मग उजवा. त्यामुळं उजव्या बाजूला सुरीचं पातं जाईल एवढी फट राहिली होती. पोरगा लहानपणी दोन उन्हाळे हाताखाली राबला होता, त्याला सगळं येत होतं, फक्त एवढं सोडून.

आणि त्याच वेळी शंभुलिंगानं पुलीचा आकडा सोडून पाईपाला पाना लावला.

"हलू नको," कल्याणप्पा म्हणाले.

आवाज इतका हळू होता की शंभुलिंग खरंच थांबला. पाईप कर्र करून बोटभर खाली गेला. मग आणखी बोटभर. पट्टीखाली लोखंडाचा चकचकीत ओरखडा दिसू लागला. पाईप सुटला असता तर मोटरीसकट सगळं तळाला जाऊन आडवं झालं असतं, आणि बोअर कायमचा बाद. अशा सुटलेल्या पाईपांपुढं डोक्याला हात लावून बसलेली माणसं कल्याणप्पांनी पाहिली होती. त्यातला एकही बोअर पुन्हा चालला नव्हता.

"मल्लेश, दुसरा क्लॅम्प दे. पळू नको, चालत ये. शंभू, पान्यावरचा जोर तसाच ठेव, सोडू बी नको, वाढवू बी नको."

गुडघ्यांची आठवण न ठेवता ते जमिनीवर बसले. दुसरा क्लॅम्प पहिल्याच्या वर लावला. इकडचा बोल्ट दोन फेरे, तिकडचा दोन फेरे. पाईप पुन्हा कर्र झाला. प्रेमाबाईंनी डोळे मिटले. आणखी दोन फेरे, आणखी दोन. कल्याणप्पांच्या कपाळावरचा घाम भस्माच्या पट्ट्यांतून ओघळून डोळ्यात गेला, तो पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. शेवटी दुसऱ्या क्लॅम्पनं भार घेतला आणि पाईप थांबला.

शंभुलिंगानं पान्यावरचा हात काढला.

"आता धा पाईपच राहिलेत," शंभुलिंग म्हणाला. "तुमी हायतच तर..."

"परत सोडायची."

"आप्पा, काढायला लागला तितकाच वेळ लागंल."

"लागू दे. परत सोडायची."

शंभुलिंग उठून टेम्पोला टेकून उभा राहिला. कल्याणप्पांनी मल्लेशला हाताशी घेतलं. पाचवा पाईप खाली गेला, त्यावर चौथा चढवला, टोकाचे आटे साफ करून फिरवला, केबल बांधली. तिसरा. साडेदहा झाले होते. दुसऱ्याला चेन त्यांच्याच्यानं ओढवेना, तेव्हा शंभुलिंग मुकाट्यानं आला आणि त्यांच्या हातातली चेन घेतली. त्यानं का घेतली, वडिलांसाठी की ती बाई येऊन बघेल या भीतीनं, हे कल्याणप्पांनी विचारलं नाही. चेन ओढणारा हात मिळाला, तेवढं त्या घडीला पुष्कळ होतं.

पहिला पाईप जोडून झाकण बसतंय तोच महेश्वरी सासूचा हात धरून फाटकातून आत आली. एका हातात दुधाचं पातेलं, सासूच्या हातात छोटा स्टोव्ह. उभा स्टँड बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? मोटर खराब आहे का?"

"न्हाय, ताई," शंभुलिंग चटकन पुढं झाला. "वायसर झिजले होते. आप्पा म्हनाले, जाता जाता बदलून देऊ. लोकाला तरास नको."

त्यानं आत जाऊन बटण दाबलं. पाईप थरथरला, हवा खोकला आणि जाड धारेनं पाणी हौदात पडलं. महेश्वरीनं पातेलं खाली ठेवलं आणि वाकून कल्याणप्पांच्या पायांना हात लावला. "आप्पा, तुमच्याबद्दल ऐकलं होतं ते खरं निघालं. आमचे घरमालक अणदुरातून गेले तेव्हा त्यांनी बल्बसुद्धा काढून नेले हो."

तिथंच सगळं मिटलं असतं. पोराची लाज झाकली गेली होती, बापाचं नाव गाजलं होतं, आणि ते पोरानं आपण होऊन गाजवलं होतं. गल्लीनं ही गोष्ट दहा वर्षं सांगितली असती. कल्याणप्पांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण पाचव्या पाईपावर ओरखडा होता, आणि तो आता जमिनीच्या पोटात कुणाला दिसणार नव्हता. चार महिन्यांनी, वर्षानं, तो तिथं फाटणार. पाईप आपोआप तुटला तर बोअर गेला. वर काढताना तुटला तरी गेला.

"ताई, पाचवा पाईप बदलावा लागंल," ते म्हणाले. "कमजोर झालाय."

"वायसर बदलताना पाईप कसा कमजोर झाला?"

शंभुलिंग वडिलांकडं बघत होता. डोळ्यांत आता ताठा नव्हता, विनवणी होती. लहानपणी शाळेतून तक्रार आली की तो असाच बघायचा, आणि तेव्हा कल्याणप्पांनी कितीदा तरी सांभाळून घेतलं होतं.

"वायसर बदलले न्हाईत," कल्याणप्पा म्हणाले. "मोटर न्यायला काढली होती. माझ्या पोरानं. क्लॅम्प सरकला. म्या आलो तवर पाईपाला इजा झाली होती."

महेश्वरीनं शंभुलिंगाकडं एकदा पाहिलं, मग पातेलं उचललं आणि सासूला घेऊन आत गेली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

"गाव तुमी सोडलं," शंभुलिंग दबक्या आवाजात म्हणाला. "आन् तोंड माझं काळं केलं. म्या तुमचंच नाव राखत होतो, आप्पा."

हे खरंच होतं, आणि म्हणून ते लागलं. कल्याणप्पांनी खिशातून रुमाल काढून हातांचं ग्रीस पुसलं. निघत नव्हतं.

"तुमी दोघं व्हा म्होरं. दुकानातून पाईप आनतो, मल्लेशाऐवजी दुसरं कुनी बगतो, आन् बदलून येतो."

"टेम्पो परत येनार न्हाय."

"येष्टीनं येईन."

शंभुलिंग केबिनमध्ये चढला. प्रेमाबाई आधीच आत बसल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून समोरच्या काचेकडं बघत होत्या. "यायचं असलं तर या," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत कल्याणप्पा फाटकात उभे होते. मग ते अंगण ओलांडून दारापाशी आले. मोटरीचा मेन स्विच आतल्या भिंतीवर होता, त्यांनीच बसवलेला; पाईप काढायच्या आधी तो बंद करायला हवा होता. उंबऱ्याबाहेर चपला काढून ते तिथंच थांबले.

"ताई," त्यांनी हाक मारली, "आत येऊ का?"