भाषेचा रकाना

"गोळा पडला. सहकारी जखमी झाला. पुढे तो वारला. मग आम्ही खाली आलो."

अकराव्या सेशनलाही काकांनी तेवढंच सांगितलं. चार वाक्यं, आवाजात ना चढ ना उतार. गावी खुशाली कळवावी तसं. मी फाइलमध्ये लिहिलं: अव्हॉयडन्स. म्हणजे पेशंट दुखऱ्या जागेला हात लावू देत नाही.

काका म्हणजे एक निवृत्त नायब सुभेदार, साताऱ्याकडचे. फौजेत सिग्नल्सला, म्हणजे तारा आणि वायरलेस सांभाळणाऱ्या खात्यात, अठ्ठावीस वर्षं काढलेली. आता गाझियाबादला मुलाकडे राहत होते. सहा वर्षांच्या नातीला, पिहूला, सकाळी स्कूलबसपर्यंत सोडायचं हे त्यांचं काम. दिल्लीकडे आल्यापासून त्यांना दुसरं काम नव्हतंच. एके दिवशी बसस्टॉपवर पिहूनं पाणी मागितलं आणि काकांनी तिचा दंड असा धरला की चार बोटं काळीनिळी उमटली. मधलं त्यांना काही आठवत नव्हतं. सुनेनं ते काम काढून घेतलं. ते परत मिळावं एवढ्यासाठी ते दर मंगळवारी मेट्रो बदलत माझ्याकडे यायचे. माजी सैनिकांसाठीच्या एका लहानशा सेंटरमध्ये मी सायकॉलॉजिस्ट होते.

आमची पद्धत ऐकायला सोपी आहे. जो प्रसंग छळतो, तो डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगायचा. पुन्हा पुन्हा. सांगून सांगून त्याची धार बोथट होते. पण त्यासाठी तो खरोखर सांगावा लागतो.

पहिल्या दिवशी काकांनी हिंदीतच सुरुवात केली होती. "मॅडम, बात ऐसी है कि..." मी फॉर्मवरचं आडनाव पाहिलं आणि हरखून गेले.

"अहो काका, मराठीत बोला ना! मी पुण्याची."

ते जरा थांबले. "बरं," म्हणाले. फॉर्ममधला 'भाषा' हा रकाना मी न विचारता भरून टाकला.

मायबोलीत मन मोकळं होतं, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण सांगायला लाज वाटते. नवरा पंजाबी. मुलं "मम्मा, खाना लगा दो" म्हणणारी. मला आठवड्यातून एक तास मराठी हवी होती. काकांच्या तोंडून 'कालवण', 'ओसरी' असे शब्द ऐकले की माझा मंगळवार चांगला जायचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी गावाकडच्या गप्पांत घालवायचे आणि त्याला रॅपो म्हणायचे. म्हणजे पेशंटशी सूर जुळवणं.

अकराव्या सेशननंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, बाबांना काही फरक पडतोय का? लेखी द्या."

मी काकांना विचारलं, देऊ का? "बरं," ते म्हणाले. मी लिहिलं: प्रगती नाही, पेशंट सहकार्य करत नाहीत. मुलानं त्यांचं गावचं तिकीट काढलं.

पुढचा मंगळवार शेवटचा. मी स्कूटर लावत होते. गेटवरच्या केबिनपलीकडे उन्हात काका बसले होते, आमच्या गार्डबरोबर. गार्ड दलबीर रोहतकचा, रिटायर्ड हवालदार.

"साब, गाँव क्यों जा रहे हो?" दलबीरनं विचारलं.

काका बोलू लागले. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"लड़का बाईस साल का था। पेट में लगा। पेट में लगे तो पानी नहीं देते, तुमको तो मालूम है। वो बोलता रहा, उस्ताद, पानी दो ना। बोतल मेरे पास थी, दलबीर। मैं उसका बाजू पकड़ के बैठा रहा। चार घंटे।" मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "फिर उस दिन बस स्टॉप पे बच्ची बोली, आबा, पानी दो ना।"

दलबीरनं फक्त त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी खोकायला हवं होतं, निघून जायला हवं होतं. हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिले आणि ऐकलं. त्याचीही शरम आहेच. पिहू घरात हिंदी बोलते हे मला ठाऊक होतं. तिनं पाणी कोणत्या शब्दांत मागितलं, हे विचारायचं मात्र अकरा आठवड्यांत सुचलं नव्हतं.

खोलीत आल्यावर मी सांगून टाकलं. "मी बाहेर तुमचं सगळं ऐकलं. ऐकायला नको होतं. माफ करा. पण मराठीत जमत नाही, असं मला का नाही म्हणालात?"

ते खाली बघत राहिले. "तुम्ही काका म्हणालात, मॅडम. पुतणीपुढं असलं कसं बोलायचं? मी घरी पत्रातसुद्धा कधी लिहिलं नाही. आणि तुम्ही एवढ्या हौसेनं बोलत होता. मोडवत नव्हतं."

उपचार मी करत होते आणि मर्जी ते सांभाळत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

संध्याकाळी खन्ना सरांच्या केबिनमध्ये गेले. सर सेंटरचे प्रमुख. त्यांनी फाइल उघडली.

"लँग्वेज का कॉलम किसने भरा?"

"मैंने।"

"पूछा था?"

"नहीं, सर।"

"तो नॉन-कोऑपरेटिव्ह कौन था?"

मी मुलाला फोन केला. रिपोर्ट चुकीचा आहे, तिकीट रद्द करा, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंत ना? मी बायकोला आता काय सांगू?" काका गावी गेले.

आठ महिन्यांनी मुलगाच त्यांना परत घेऊन आला. मी त्यांना 'साब' म्हणू लागले. सेशन हिंदीत. तिसऱ्या वेळी ते खूप रडले. नवव्या वेळी, एरवी सांगताना आवळली जाणारी त्यांची मूठ सगळं सांगून होईतो उघडीच राहिली. सुनेनं स्वतः फोन केला, उद्यापासून बाबांनी पिहूला सोडायला हरकत नाही म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी उत्सुकतेनं विचारलं, "साब, छोड़ने गए थे?"

"बोलती है, आबा, अब मैं बड़ी हो गई। फ्रेंड्स के साथ जाती हूँ।" त्यांनी चष्मा पुसला. मग मराठीत म्हणाले, "बरं झालं."

त्यांचं 'बरं' मला आता कळतं. भाषेचा रकाना हल्ली मी भरत नाही. फॉर्म आणि पेन पेशंटच्या हातात देते.